‘ओव्हरव्हेल्म्ड’ म्हणजे भारावलेला की वैतागलेला?

प्रश्न : अमेरिकेतल्या मुलाला फोनवर ‘कसं चाललंय?’ विचारलं, तर म्हणाला, ‘आई, फार ओव्हरव्हेल्म्ड आहे गं.’ कोशात ‘भारावून जाणे’ सापडलं. मी खूश! सून म्हणते, उलटं आहे.

उत्तर : सूनबाई बरोबर आहेत. कोशाने तुम्हाला अर्धंच सांगितलं.

मूळ क्रियापद ‘व्हेल्म’, म्हणजे पालथं घालणं. कोंबड्या टोपलीखाली डालतात ना, तसं काहीसं. होडी उलटण्यालाही तेच म्हणत. ‘ओव्हर’ लागलेलं रूप १४व्या शतकापासून आहे. खरं तर पालथ्यावर पुन्हा पालथं, पण जोर आला. म्हणजे वरून काहीतरी आलं आणि माणूस खाली सापडला, एवढंच चित्र. काय आलं ते हा शब्द सांगत नाही. प्रेम आलं तर गहिवरला, कामं आली तर मेटाकुटीला आला, शत्रू आला तर पार चिरडला गेला. मराठीत आपण यांना एका टोपलीखाली घालत नाही, म्हणून गोंधळ होतो.

मागेपुढे काही न जोडता कुणी नुसतं ‘आय अ‍ॅम ओव्हरव्हेल्म्ड’ म्हणालं, तर आज बहुधा अर्थ असा : सगळं एकदम अंगावर आलंय, काही सुचत नाही. तेव्हा त्याला पुन्हा फोन करा.

प्रश्न : सत्काराच्या इंग्रजी भाषणाचं मराठी करताना मशीनने ‘आपल्या प्रेमाने मी हतबल झालो’ असं दिलं. चालेल?

उत्तर : लोक हसतील. ‘भारावून गेलो’ म्हणा. अगदी डोळे भरून आले असतील तरच ‘गहिवरून आलं’. कोरड्या डोळ्यांनी तो शब्द खोटा वाटतो.

प्रश्न : ‘ओव्हरव्हेल्मिंग मेजॉरिटी’ म्हणजे निर्विवाद बहुमत?

उत्तर : ‘प्रचंड बहुमत’. निर्विवाद बहुमत थोडक्या जागांनीही मिळतं.

प्रश्न : ‘अंडरव्हेल्म्ड’ हा खरा शब्द आहे का?

उत्तर : आहे. २०व्या शतकाच्या मध्यावर गमतीने पाडला गेला आणि टिकला. लग्नाचं जेवण कसं होतं विचारल्यावर ‘होतं’ एवढंच उत्तर येतं ना? तो माणूस अंडरव्हेल्म्ड.