घरच्या कटिंग मशीनवर उठावाचं (एम्बॉसिंगचं, म्हणजे अक्षरं वर आलेलं) कार्ड होतं का?

होतं ना, पण मशीन स्वतः उठाव देते असं समजू नका. तुम्ही लिहिलंय क्रिकट कंपनीचं एक्सप्लोर मशीन आहे आणि पत्रिकेवर नाव उठून दिसायला हवं, तर डिबॉसिंग टिप (कागद दाबायचं टोक) फक्त क्रिकटच्याच मेकर मशीनला बसते, एक्सप्लोरला नाही, आणि तीसुद्धा कागद आत दाबते, वर उचलत नाही.

मी काय करून राहिलो सांगतो. ३०० जीएसएमच्या (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) कागदावर डिझाइन आरसा करून म्हणजे मिरर मारून कापायचं, झाला स्टेन्सिल. काचेवर स्टेन्सिल, त्यावर कार्ड पालथं, काचेखाली मोबाइलचा टॉर्च, आणि गोल टोकाच्या स्टायलसने (संपलेलं बॉलपेनही चालतं) कापलेल्या जागेत आधी कडेकडेने हळू दाबायचं, मग आत. मिरर विसरलात की नाव उलटं, माझी पहिली चार कार्डं अशीच गेली बे!

देवनागरीत खरी भानगड म्हणजे क, व, ब यांच्या पोटातला तुकडा कापल्यावर गळून पडतो, म्हणून तिथे बारीक पूल ठेवा नाहीतर तो तुकडा वेगळा चिकटवा. बारीक फाँट घेऊच नका.

कार्डाचा कागद २०० ते २५० जीएसएम बरा. आणि नागपूरच्या मे महिन्यात कागद इतका कोरडा पडतो की दाबला की तडकतो, मागून किंचित ओलसर फडकं फिरवा. कागदासाठी आधी इतवारी-गांधीबागकडे चक्कर मारा, सुटा मिळाला तर दोन-तीन जातीचे आणून ट्राय करा. शंभराच्या वर कार्डं असतील तर मात्र सरळ प्रेसवाल्याकडे जा, बोटं दुखतात हो.