वाटा नाकारणारा हट्टी, घेणारा न्यायी?

प्रश्न : निफाडजवळ आमची एकत्र कुटुंबाची द्राक्षबाग आहे. दिवाळीला आलेल्या भाचीने कॉलेजात शिकवलेला एक खेळ घरात घेतला. एकाने 100 रुपयांतून समोरच्याला किती द्यायचे ते ठरवायचे. समोरच्याने ते नाकारले, तर दोघांनाही काहीच मिळत नाही. थोरल्या जाऊबाईंनी देऊ केलेले 20 रुपये मी नाकारले, तेवढेच माझ्या यजमानांनी हसून घेतले. तेव्हापासून मी हट्टी आणि ते न्यायी, असे घरात बोलले जाते. हे खरे मानावे का?
– एक वाचक, जि. नाशिक

उत्तर : ताई, हे दोन्ही शिक्के मला घाईचे वाटतात. ‘अल्टिमेटम गेम’ नावाचा हा खेळ जर्मनीत वेर्नर ग्युथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1982 मध्ये प्रयोगासाठी वापरला. तेव्हापासून अनेक देशांत असे दिसले आहे की देणारे बहुधा 40 ते 50 टक्के देऊ करतात आणि वाटा 20 टक्क्यांच्या खाली गेला, की सुमारे निम्मे लोक पदरचे नुकसान सोसूनही तो नाकारतात. तुमचा नकार त्यामुळे मुळीच जगावेगळा नाही.

राहिला न्यायीपणा. माणसाच्या स्वभावाचे सहा घटक मानणाऱ्या ‘हेक्साको’ या मांडणीत प्रामाणिकपणा-विनम्रता हा एक घटक आहे आणि सौम्यता, म्हणजे राग गिळण्याची व क्षमा करण्याची वृत्ती, हा दुसरा. बेंजामिन हिल्बिग, इंगो झेटलर आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये दाखवले की समोरच्याला नकाराचा अधिकारच नसतानाही जो बरोबरीने वाटतो, त्याच्यात पहिला गुण अधिक आढळतो. कमी वाटा मुकाट्याने घेणाऱ्यात दुसरा. यजमानांच्या हसून घेण्यातून त्यांची सोशिकता दिसली, पण ते स्वतः वाटणीला बसले तर काय करतील, हे त्यातून कळत नाही. तुमच्या नकारातूनही तुम्ही इतरांना कमी द्याल, असे मुळीच निघत नाही.

अर्थात स्वभावाचा हा प्रभाव मध्यमच असतो. रक्कम किती आणि समोर कोण, यानेही निर्णय बदलतो. दिवाळीतले 20 रुपये आणि हंगामाअखेर व्यापाऱ्याकडून आलेल्या पैशातला वाटा यांना एकाच मापाने मोजू नये. मला खरी काळजी वेगळीच वाटते. जो कधीच नाकारत नाही, त्याच्या वाट्याला कमी येत गेले तरी घरात कोणाच्या लक्षात येत नाही, आणि त्याच्या सोशिकतेलाच न्याय म्हटले, की कमी देणाऱ्याला कोणी प्रश्नही विचारत नाही.

भाची पुन्हा आली, की नकाराचा नियम काढून हाच खेळ घ्या. त्याला ‘डिक्टेटर गेम’ म्हणतात आणि त्यात लोक सरासरी 28 टक्क्यांच्या आसपासच देतात, कारण नकाराची भीती उरलेली नसते. त्या वेळी वाटणी यजमानांना करू द्या, आणि एकदा तुम्हीही करा.