गोबरगॅस रोडावतो तेव्हा

प्रश्न : चार गाई आहेत, शेण रोज पूर्वीइतकेच पडते. गोठ्याचे धुवण सरळ मिश्रणकुंडीत सोडायला लागल्यापासून गॅस निम्म्यावर आला. टाकीला गळती नाही. मग चुकते कुठे?

उत्तर : धुवणातच. हिशेब मांडून पाहा. गाईमागे रोज 10 किलो शेण धरले तर चौघींचे 40 किलो. त्यात तितकेच पाणी, म्हणजे रोज 80 लिटर शेणकाला. उबदार हवेत तो टाकीत साधारण 40 दिवस राहायला हवा, म्हणून टाकी 3,200 लिटरची. आता धुवणाचे 160 लिटर पाणी वर आले, तर रोज 240 लिटर आत जाते आणि तेवढेच दुसऱ्या तोंडाने बाहेर पडते. 40 दिवस मुरायचा काला 13 दिवसांत बाहेर! मिथेन, म्हणजे गोबरगॅसमधला जळणारा वायू, तयार करणारे जिवाणू अतिशय सावकाश वाढतात. त्यांची पिलावळ होण्याआधीच ते वाहून जातात आणि अर्धवट कुजलेले आंबट पाणी मागे उरते. धुवणात फिनेल किंवा साबण असेल तर नुकसान दुप्पट.

खात्री करायची तर निकासकुंडीतला काला बादलीत घेऊन वास पाहा. नीट पचलेल्या काल्याला शेणाचा वास जवळजवळ नसतो, माश्याही फारशा बसत नाहीत. ताज्या शेणाची घाण येत असेल तर तुमचा गॅस खतात चालला आहे असे समजा.

आधी धुवणाची मोरी बंद करून ते पाणी वेगळ्या खड्ड्यात वळवा. आठवडाभर टाकीत काहीही घालू नका. मग चालू, चांगल्या टाकीतला काला गाळून आणा, निदान टाकीच्या दहाव्या हिश्शाइतका, आणि तो आत सोडा. पुढच्या आठवड्यात रोज 10 किलो शेण, त्याच्या पुढच्या आठवड्यात 20, असे महिनाभरात 40 वर या. काल्याचा सामू (pH, आंबटपणाचे माप; आकडा जितका कमी तितका काला आंबट) 6.8 ते 7.5 च्या दरम्यान हवा, सामू मोजायची कागदी पट्टी 6.5 च्या खाली दाखवत असेल तर घालणे पुन्हा थांबवा. घाई करून एकदम भर घातली तर आंबटपणा वाढतो आणि सगळे पहिल्यापासून करावे लागते. गोठा आधी खरवडून शेण कोरडेच उचला, मग धुवा. आजारी जनावराला प्रतिजैविक चालू असेल तर त्याचे शेण तेवढे दिवस वेगळे ठेवा.

प्रश्न : शेगडीची ज्योत फडफडते आणि मध्येच विझते.

उत्तर : नळीत पाणी साचले आहे. टाकीतून येणारा गॅस वाफेने भरलेला असतो, गार नळीत त्याचे थेंब होतात. नळीला टाकीच्या दिशेने मीटरमागे 1 सेंटिमीटर उतार द्या. जिथे नळी झोळ घेते तिथे सर्वांत खालच्या जागी पाणी काढायची तोटी बसवा आणि ती आठवड्यातून एकदा उघडा.

प्रश्न : याच गॅसवर जनित्र चालवून वीज करता येईल का?

उत्तर : चार गाईंवर नको. 25 किलो शेणापासून दिवसाला साधारण 1 घनमीटर गॅस मिळतो, आणि लहान इंजिनाला एका युनिटला सुमारे 0.7 घनमीटर लागतो. म्हणजे तुमच्या 40 किलो शेणातून जेमतेम दोन युनिट. तोच गॅस चुलीवर पाच-सहा माणसांचा स्वयंपाक करतो; तो तिथेच वापरा. 4 किलोवॉटचा भार रोज पाच तास चालवायचा असेल, तर 14 घनमीटर गॅस आणि 350 किलो शेण हवे.

मोठा गोठा असेल तर दोन गोष्टी आधी समजून घ्या. डिझेल इंजिनात हा गॅस नुसत्या दाबाने पेटत नाही, थोडे डिझेल चालूच ठेवावे लागते. ठिणगीवर चालणारे इंजिन मात्र केवळ गॅसवर चालते. दुसरी गोष्ट हायड्रोजन सल्फाइड. सडक्या अंड्यांचा वास येतो तोच हा वायू. तो जळून आम्ल बनते, ते तेल खराब करते आणि बेअरिंग खाते. जाड नळकांड्यात गंजलेला लोखंडी कीस भरून गॅस त्यातून न्या. स्टेनलेस स्टीलचा कीस चालत नाही, कारण काम गंजच करतो. कीस काळा पडला की बाहेर काढून पातळ पसरा आणि पाणी शिंपडा. हवेने तो पुन्हा तांबूस होतो. ढीग करून ठेवू नका, तापून पेट घेतो.

प्रश्न : कोंबड्यांची विष्ठा मिसळली तर गॅस वाढेल?

उत्तर : वाढेल, पण बेताने घातली तरच. तिच्यात नत्र फार असते, त्याचा अमोनिया होऊन जिवाणू दबतात. एकूण शेणाच्या दहाव्या हिश्शापासून सुरुवात करून दर आठवड्याला थोडी वाढवा. निकासाशी नाकाला झोंबणारा वास आला की मागे या. विष्ठा रात्रभर भिजवा, खडे-वाळू खाली बसू द्या आणि वरचे तूस काढून टाका. नाहीतर तळाला गाळ आणि वर जाड पापुद्रा, दोन्हीकडून टाकी लहान होत जाते.

प्रश्न : टाकीत उतरून गाळ काढायचा असेल तर काय काळजी घ्यावी?

उत्तर : उतरूच नका. आत प्राणवायू नसतो आणि हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की नाकाला त्याचा वास येणेच बंद होते, म्हणून ‘आता वास नाही’ ही खात्री खोटी आहे. आत पडलेल्याला वाचवायला उतरलेला दुसराही तिथेच कोसळतो. मिथेन हवेत मिसळला की ठिणगीने भडका उडतो, म्हणून जवळ विडी किंवा दिवाही नको. गाळ बाहेरून पंपाने काढा. बांधकामाची दुरुस्ती असेल तर बाहेरून हवेचा पुरवठा असलेला मुखवटा, कमरेचा दोर आणि वर दोर धरणारी माणसे असलेल्या प्रशिक्षित पथकालाच बोलवा.