पासष्टीची रेघ वाचताना

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

शंभरातले किती जण पासष्टी गाठतात, ते दाखवणाऱ्या आलेखाच्या रेघेवरचा तुझा मसुदा वाचला. भाषा छान आहे, पण पहिलंच वाक्य काढून टाक. '1961 साली जन्मलेल्या मुलग्यांपैकी इतके टक्के पासष्टीपर्यंत पोचले' असं लिहिलंयस. अगं, गोवा मुक्त झाला त्या साली जन्मलेला मुलगा पासष्टीला पोचतो 2026 मध्ये. त्याचा हिशेब 1961 च्या रकान्यात येणार कुठून? त्या एका वर्षी वयावयाचं मृत्यूचं जे प्रमाण होतं, तेच पुढे जन्मभर राहिलं असतं तर शंभरातले किती जण पासष्टी गाठते, एवढंच तो आकडा सांगतो. प्रमाण तसं राहिलं नाही. 1975 नंतर देशात देवीचा रोगी सापडला नाही, लशी गावोगाव पोचल्या; ती पिढी आकड्यापेक्षा जास्त जगली. उलट 2021 ला रेघ कोविडने खाली आली. त्या साली जन्मलेल्या बाळांचं भविष्य त्यात वाचू नकोस.

रेघ चढली म्हणजे म्हातारे टिकू लागले, असंही लगेच म्हणू नये. देशात 1971 साली हजार जन्मांमागे 129 बाळं वर्षाच्या आत दगावत, 2020 मध्ये 28. पासष्टीच्या रेघेतली बरीच चढण अशी पाळण्यातली आहे.

तुझा खरा विषय, बायका-पुरुषांच्या आयुर्मानातला फरक, तू तळटीपेत टाकलायस. नमुना नोंदणीच्या (निवडक गावं-वस्त्यांतले जन्ममृत्यू सरकार नोंदतं, त्या) तक्त्यांत 1970-75 ला पुरुषांचं आयुर्मान 50.5 वर्षं होतं, बायकांचं 49. 2016-20 ला पुरुष 68.6, बायका 71.4. वाढले दोघेही, पण बाळंतपणातले मृत्यू घटले तशा बायका पुढे निघून गेल्या. कर्त्या वयातले पुरुष हृदयविकार, तंबाखू, दारू आणि अपघातांत अडकले. हे वर आण. रशियात 1994 ला पुरुषांचं आयुर्मान 58 च्याही खाली घसरलं होतं, त्यात दारूचा वाटा मोठा. तेही एका वाक्यात येऊ दे.

गोव्याचा परिच्छेद घाईत उरकलास. 2011 च्या जनगणनेत साठीवरच्यांचा वाटा 11.2 टक्के, केरळच्या खालोखाल, हे बरोबर. पण मुलं कमी झाली, तरुण आखातात, लंडनला नि बोटीवर गेले, त्यानेही हा वाटा फुगतो. मृत्यूंच्या नोंदींतही जपून. मृत्यू घडतो तिथे नोंद होते. गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) महाराष्ट्रातल्या सावंतवाडी-दोडामार्गचा पेशंट गेला तर नोंद गोव्यात. कायमच्या पत्त्याचा रकाना पाहिल्याशिवाय बेरीज करू नकोस. जुन्या वहीत वयाचा रकाना बोट ठेवून खाली वाच: 60, 65, 70, परत 65. जन्मतारीख नसली की घरचे म्हणतात, 'असतील पासष्टीचे.' आणि तुझी सीमारेषा नेमकी 65 ची! अशा वहीवरून पासष्टीच्या अलीकडचे-पलीकडचे मोजायला जाशील तर फसशील. पासष्टी मधोमध येईल असे पाच-पाच वर्षांचे गट करून बघ.

दुरुस्त मसुदा गुरुवारपर्यंत पाठव. फोंड्याला आलीस तर जेवायच्या वेळेला ये.

तुझे काका