कुठं उतरायचं ते आधी ठरव

सोलापूर

प्रिय पोरी,

तुझा मेसेज रात्रीच वाचला, पण दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नव्हतं म्हणून हे पत्र. लिस्टमध्ये दीडशेच्या वर नावं बघून पोटात गोळा आलाय म्हणालीस, सायक्लोक्रॉसची, म्हणजे चिखल, गवत, वाळू, चढ असलेल्या कोर्सवर फेऱ्या (लॅप) मारायची, आणि तीही तिकडं इंग्लंडात यॉर्कशायरमध्ये, पहिलीच मोठी रेस म्हटल्यावर तो येणारच. ते होईल कमी. पण शेवटी जे लिहिलंस ना, "काका, चढावर उतरून पळावं लागलं तर लाज वाटेल", त्याच्यावर मला बोलायचंय.

आपण सगळे रोडवर वाढलेलो. तुळजापूरचा घाट पाय न टेकता चढला की छाती फुगते, मधे उतरला तो संपला असं आपल्या ग्रुपमध्ये धरतात, आणि तेच तुझ्या डोक्यात बसलंय. रोडवर ते ठीक आहे. क्रॉसमध्ये उतरणं हा रेसचाच भाग असतो, आणि आजचा नाही, पहिल्यापासून. फ्रान्समध्ये १९०२ ला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली तेव्हापासून लोक सायकल खांद्यावर टाकून पळतायत. १९५० ला पॅरिसमध्ये पहिली वर्ल्ड चॅम्पियनशिप झाली ती ज्याँ रोबिकनं जिंकली, आणि हा रोबिक म्हणजे १९४७ ची टूर द फ्रान्स जिंकलेला माणूस. एवढा मोठा रोड रायडर, पण सायकल उचलून पळणं त्यालाही चुकलं नाही. आजही कोर्सवर मुद्दाम ४० सेंटीमीटर उंचीच्या फळ्या लावतात, कशाला? तू उतरावंस म्हणूनच की. काही जण त्यावरून सायकलसकट उडी मारतात, बेल्जियमचा रायडर स्वेन नाईस त्यासाठीच गाजला, तू मात्र पहिल्या रेसला ते करायला जाऊ नको, पाठीमागचा अंगावर येतो.

म्हणून उतरायचं का नाही हा प्रश्नच डोक्यातून काढ. कुठं उतरायचं, एवढाच विचार कर. चाक चिखलात रुतून थांबल्यावर उतरलीस तर वेग शून्य, बूट पेडलला अडकवणारी क्लिप सुटत नाही, पाय घसरतो, मागचे चार जण तुझ्यावर आदळतात, आणि मग उभ्या जागेवरून सायकल ढकलत चढायचं. तेच आठदहा फूट अलीकडं, वेग असतानाच उतरलीस तर त्याच वेगात पळत वर जातेस. फरक सेकंदांचा असतो पण दर लॅपला असतो, आणि दमायला होतं ते वेगळंच.

हे तुला खरं तर कुणी शिकवायला नको. आपल्याकडच्या काळ्या मातीत पाऊस पडल्यावर शेताच्या वाटेनं सायकल नेलीयस की लहानपणी, माहितीय ना चाक कसं भरतं, मडगार्डमध्ये माती गच्च बसली की मग काडीनं उकरत बसायचं. आपली शहाणी माणसं चाक भरायच्या आधीच सायकल उचलतात. तिकडं यॉर्कशायरमध्येही तेच बघ. एकदम पातळ चिखल असेल तर घाबरू नको, तो उडून जातो, सायकल चालते. अर्धवट वाळलेला, गवत मिसळलेला चिखल सगळ्यात वाईट, तो ब्रेकपाशी, पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कपाशी साठत जातो, तिथं खांद्यावर घ्यायची म्हणजे घ्यायचीच. बाटलीचा स्टँड काढून टाक, उचलताना आडवा येतो आणि पाऊण तासाच्या रेसला पाणी लागत नाही, आधी पिऊन घे. उजवा हात फ्रेममधून घालून हँडलचं डावं टोक धरलंस की सायकल खांद्यावर हलत नाही.

उतरायची सवय मात्र आत्तापासून रोज लाव, एखाद्या पार्कात गवतावर वीस मिनिटं पुरेत. डावा पाय पेडलवर पण क्लिपमधून आधीच सोडवलेला, उजवा पाय मागून सीटवरून इकडं, उजवा हात फ्रेमच्या वरच्या दांडीवर (टॉप ट्यूबवर), आणि पाय जमिनीला लागला की चालायचं नाही, पळायचंच. परत सायकलवर बसताना सीटवर धपकन बसू नको, आतल्या मांडीवर ये आणि घसरत सीटवर सरक. पहिले चार दिवस काळजी करशील, नंतर विचारच येणार नाही.

हवेचं ऐक आता. आपण रोडच्या टायरमध्ये १०० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरणारी माणसं, टायर दगडासारखा लागला नाही तर आपलं समाधान होत नाही. इथं ते विसर. क्रॉसचा टायर ३३ मिलीमीटरचा, यूसीआयच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या, रेसला त्याहून रुंद चालतच नाही, आणि पकड मिळते ती हवा कमी असल्यामुळं. तुझं वजन बघता ट्यूबलेस असेल तर २२ पीएसआयपासून सुरू कर, कोर्सवरचं सगळ्यात अवघड वळण घे, एकेक पीएसआय कमी करत जा, रिम खाली आपटायला लागली की एकदोन वाढव, तोच तुझा आकडा. आत ट्यूब असेल तर इतकं खाली जाऊ नको, चिमटा बसून पंक्चर होतं. प्रेशर मोजायचं साधं गेज विकत घे, अंगठ्यानं दाबून कळत नाही.

सकाळी कोर्स उघडला की दोन लॅप मार, एक सावकाश, अगदी थांबून थांबून. सगळे ज्या चाकोरीतून जातात ती दुपारपर्यंत खड्डा होते, कारण तुझ्या आधी पोरांच्या, इतर गटांच्या रेसा होऊन गेलेल्या असतात, त्यामुळं कोर्सची हद्द दाखवणाऱ्या टेपच्या कडेला शिल्लक गवत कुठंय ते बघून ठेव. आणि प्रत्येक अवघड जागेला ठरव की मी अमुक झाडापाशी उतरणार. वाळू असली तर आपलं सीना नदीचं पात्र आठव, वेगात शिरायचं, हँडल सैल, वजन मागं, नजर लांब, चाक वळवायला गेलीस की पडलीसच.

स्टार्टला नवीन माणसाला मागं उभं करतात, रँकिंगप्रमाणं पुढचे नंबर लागतात, त्याचं वाईट वाटून घेऊ नको. पहिल्या वळणाला सगळे कोंबले जातात, संक्रांतीला आपल्या गड्डा यात्रेच्या गेटवर होतं तसं, आणि मागचे अक्षरशः उभे राहतात. तिथं घुसाघुशी करू नको. कोंडी दिसली की उतर, कडेनं पळ, दहा जण तिथंच मागं पडतील. पहिली पाच मिनिटं श्वास हातात ठेव, मी तिकडं नोकरीला होतो तेव्हा हिवाळ्यातले रविवार यातच जायचे आणि दर वेळी बघायचो, सुरुवातीला सुसाट गेलेली नवी मंडळी तिसऱ्या लॅपला माना टाकलेली.

पुढचे लोक तुला लॅप करतील, म्हणजे एक फेरी जास्त मारून मागून गाठतील, बहुतेक नक्कीच. मागून आवाज आला तर आपली लाईन धरून सरळ जा, एकदम बाजूला वळू नको, ते जातात बरोबर. रेस किलोमीटरवर नसून वेळेवर असते, पहिला नंबर संपला की तू ज्या लॅपला असशील तिथं तुझीही संपली. यूसीआयच्या मोठ्या रेसला फार मागं पडलेल्यांना बाहेर काढतात, स्थानिक लीगच्या रेसला तसं सहसा करत नाहीत, म्हणून घंटा ऐकू आली तरी थांबू नको, ती शेवटचा लॅप सुरू झाल्याची असते, शेवटची रेघ ओलांडेपर्यंत चालवत राहा.

थंडीचं आईनं बजावलंय तेवढं पुरे, मी एवढंच सांगतो की अंगावरचे गरम कपडे स्टार्टच्या अगदी आधी काढ आणि रेस संपल्यावर ओले कपडे लगेच बदल, गप्पा नंतर. शेंगा चटणी पोचली म्हणालीस, पण आदल्या रात्री खाऊ नको बाई, साधा वरणभात खा.

संध्याकाळी घरी आलीस की आधी सायकल धू, चेन पुसून तेल घाल, चिखल वाळला की बेअरिंग खातो. मग मला लिही. कितवी आलीस ते सगळ्यात शेवटी लिहिलंस तरी चालेल, आधी हे लिही की कुठं कुठं उतरलीस, आणि दुसऱ्या लॅपला त्यातली कुठली जागा बदललीस.

तुझा,
काका