आधी सायकल कुठे ठेवायची ते सांग

अरे भाऊ, नाशिकच्या त्र्यंबक रोडला लॉज सुरू करतोयस, ऐकून फार बरं वाटलं. एक गोष्ट मनावर घे. सायकलवाला दारात आला की खोलीचा दर नंतर, आधी सायकल कुठे ठेवायची ते सांग. कसारा घाट चढून आलेल्या माणसाचा जीव सायकलीत अडकलेला असतो. मला एकदा एका ठिकाणी बाहेर पार्किंगमध्ये ठेवायला लावली. सकाळी दिवा आणि पंप दोन्ही गायब! अजून राग येतो. म्हणून तळमजल्याची एक खोली राखून ठेव, सायकल आत घेऊ दे. चादरींना चेनचं काळं लागेल अशी भीती वाटत असेल, तर दारातच गोणपाट अंथर आणि जुनी फडकी दे.

हवेचा पंप प्रेस्टा व्हॉल्व्हला चालणारा घे. प्रेस्टा म्हणजे रेसिंग सायकलच्या ट्यूबला हवा भरायची नळी; ती बारीक असते, पंक्चरवाल्याचा नेहमीचा पंप तिला बसत नाही. गरम पाणी, कपडे वाळत घालायला दोरी, हे तर हवंच.

आणि नाश्ता! आठला किचन उघडून उपयोग नाही, उन्हाच्या आधी म्हणून सायकलवाला साडेपाचलाच निघतो. झणझणीत मिसळ राइड संपल्यावर. पहाटेसाठी केळी, उकडलेली अंडी, गूळ-शेंगदाणे रात्रीच बांधून ठेव. रात्री वरण-भात वाढताना मात्र हात आखडू नकोस.