डब्ल्यूडीएम-३ए ची बॉडी, एसडी४०-२ ची चासी: कापू नका

वास्कोहून आलेला प्रश्न थोडक्यात असा: डब्ल्यूडीएम-३ए या भारतीय डिझेल इंजिनाच्या मॉडेलची थ्रीडी प्रिंट केलेली एचओ (१:८७ प्रमाणातली) रेझिन बॉडी हातात आहे, घरात एसडी४०-२ या अमेरिकन डिझेल इंजिनाच्या मॉडेलची चालू चासी, म्हणजे मोटर-चाकांचा सांगाडा, पडून आहे, आणि बॉडी तिच्यापुढे चारेक सेंटिमीटर आखूड पडते. चासी कापून जोडावी, की बॉडीला मधे तुकडा घालावा?

दोन्ही नको. आधी हिशेब मांडा. खरे डब्ल्यूडीएम बफरपासून बफरपर्यंत १७.१२ मीटर, म्हणजे १:८७ ला १९७ मिमी. एसडी४०-२ कपलर (डबे जोडायचे आकडे) धरून ६८ फूट १० इंच, म्हणजे २४१ मिमी. पण अडचण या चव्वेचाळीस मिलिमीटरांची नाहीच. एसडी४०-२ च्या दोन बोग्यांच्या मध्यांतले अंतर ४३ फूट ६ इंच, एचओमध्ये १५२ मिमी. त्यात बोगीचा व्हीलबेस मिळवला की पहिल्या चाकापासून शेवटच्या चाकापर्यंत जवळपास २०० मिमी होतात. तुमचे अख्खे इंजिन १९७ चे. म्हणजे चाकेच बफरच्या बाहेर! खऱ्या डब्ल्यूडीएमचा एकूण व्हीलबेस १२.८३ मीटर आहे, एचओत साधारण १४८ मिमी. बॉडीत तुकडा घातलात तर ते डब्ल्यूडीएम राहणार नाही, आणि चासी कापायची तर ओतीव वजनाचा ठोकळा, मोटरची फिरकी चाकांकडे नेणारे दोन्हीकडचे ड्राइव्ह शाफ्ट, सर्किट बोर्ड सगळे कापून पुन्हा एका रेषेत आणायचे. शाफ्ट केसभर वाकडा बसला तरी इंजिन हळू वेगात गचके देते. ती चासी चालू आहे ना, मग तिला एसडी४०-२ बनवणाऱ्या ईएमडी कंपनीच्याच एखाद्या इंजिनाची बॉडी शोधा. ती वाया जाणार नाही.

डब्ल्यूडीएम-३ए ज्यावरून आले ते डब्ल्यूडीएम-२ हे मुळात आल्को या अमेरिकन कंपनीचे इंजिन. १९६२ ला अमेरिकेतून आले आणि १९६४ पासून वाराणसीला बनू लागले. तेव्हा चासीही आल्कोच्या घराण्यातलीच बघा. आल्कोच्या आरएसडी-४/५ सारख्या सहा आसांच्या मॉडेलला ट्रायमाउंट बोगी असते. तिचा मधला आस बरोबर मध्यावर नसतो, आणि डब्ल्यूडीएमच्या बोगीची ओळखच ती. लांबीतही ही इंजिने जवळ येतात. सेकंडहँड घेताना विकणाऱ्याकडून बॉडी काढलेला फोटो मागवा, खालून आणि बाजूने, शेजारी पट्टी ठेवून. बोगी-मध्य ते बोगी-मध्य अंतरात दोनेक मिलिमीटरचा फरक असला तर खुशाल घ्या. लांबीतला तेवढा फरक रुळावर उभ्या इंजिनात कुणाला दिसत नाही.

उंचीतला मात्र लगेच दिसतो. आपल्याकडची बहुतेक मॉडेल मार खातात ती इथेच: बॉडी चासीवर टेकते तिथेच स्क्रू मारला जातो आणि इंजिन उंटासारखे उंच दिसते. उंची ठरवायची बफरवरून. भारतीय ब्रॉडगेजवर बफरचा मध्य रुळाच्या माथ्यापासून जास्तीत जास्त ११०५ आणि कमीत कमी १०३० मिमी असतो. एचओत तो १२.७ ते ११.८ मिमी होतो. चासी रुळावर ठेवा, बॉडीखाली पुठ्ठ्याच्या पट्ट्या सरकवत बफर साडेबाराच्या आसपास आणा, आणि मगच कुठे काय अडते ते पाहा. डब्ल्यूडीएमचे चाक १०९२ मिमीचे, अमेरिकन चाक बहुधा ४० इंची. मॉडेलमध्ये आस अर्धा मिलिमीटरही खाली जात नाही. त्यासाठी चाके बदलण्याच्या फंदात पडू नका.

कपलरचे मात्र एकदाच ठरवून टाका. केडी या कपलर बनवणाऱ्या कंपनीचे उंची मोजायचे गेज अमेरिकन उंचीचे, मध्य साधारण १० मिमीवर. आपला सीबीसी (मधला कपलर) बफरच्याच रेषेत असतो, म्हणजे अडीच मिलिमीटर वर. सगळे डबे भारतीय असतील तर सगळ्यांचे कपलर वर घ्या. सरमिसळ असेल तर १० वर राहा आणि दिसण्यात तडजोड करा. एक इंजिन वर आणि डबे खाली असे केलेत तर चढावर गाडी सुटणारच. १८ इंच त्रिज्येच्या वळणावर बफर एकमेकांत अडकतात, त्यामुळे कपलर थोडा पुढे काढावाच लागतो.

बॉडी अडते ती बहुतेक वेळा लाँग हूडमध्ये, म्हणजे केबिनपुढच्या लांब अरुंद भागात. प्रिंटच्या भिंती कारखान्याच्या प्लॅस्टिकपेक्षा जाड आणि डब्ल्यूडीएमचा हूड अरुंद, त्यामुळे चासीच्या वजनाच्या ठोकळ्याचे वरचे कोपरे आत घासतात. बॉडी आतून खरवडून फार तर अर्धा मिलिमीटर मिळतो, पुढे ग्रिल फुटते. कानस चालवायची ती ठोकळ्यावर, पण मोटर, गिअर, वायर सगळे बाहेर काढून. त्या धातूचा कीस लोहचुंबकाला चिकटत नाही, पण ग्रीसला चिकटतो आणि गिअर खातो. कानस मारून झाली की ठोकळा साबणाने धुऊन, पूर्ण वाळवून मगच जोडणी. डीसीसी (डिजिटल नियंत्रणाचा) डीकोडर बसवायचा असेल तर त्याची जागा याच वेळी कोरून घ्या.

रेझिनमध्ये थेट स्क्रू पिळू नका, आज बसेल आणि मेमध्ये तडकेल. एम२ (दोन मिलिमीटरच्या स्क्रूचे) नट आतल्या कोपऱ्यांत एपॉक्सीने चिकटवा आणि स्क्रू खालून घ्या.

बोगीच्या बाजूच्या फ्रेम थोड्या बाहेर काढाव्या लागतील. आपला १६७६ मिमी गेज एचओत सव्वाएकोणीस होतो आणि रूळ १६.५ चे, त्यामुळे अमेरिकन फ्रेम आत बुडाल्यासारख्या दिसतात. दोन्हीकडे मिलिमीटरभर पट्टी पुरते. मग सर्वांत घट्ट वळणावर हाताने ढकलून पाहा, पायऱ्यांना बोगी टेकते का ते.

रेझिन हलके असते. कुळे–कॅसलरॉकसारखा १:३७ चढ मांडणार असाल तर रिकाम्या हूडचे इंजिन चाके फिरवत जागीच राहील. म्हापशाच्या बाजारात जाळ्याला लावायचे शिसे मिळाले तर ते ठोकून चपटे करा आणि दोन्ही बोग्यांवर सारखे वाटा. सगळे एका टोकाला टाकू नका, आणि शिसे हाताळल्यावर हात धुवा.

रंगाआधी ग्रिलच्या फटीत नख घालून बघा. चिकट लागले तर रेझिन पुरते पिकलेले नाही: आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ ब्रश, मग पुन्हा यूव्ही दिव्याखाली. आणि लॅकरचा स्प्रे जूनपासून सप्टेंबरपर्यंत बंदच ठेवा. आपल्या हवेत तो पांढरट धुरकट होऊन बसतो. पावसाळ्यात नट, शिसे, वायरिंग उरका, रंग दिवाळीनंतर काढा.